धिंगरीचे बेड पावसाळ्यात हिरवे का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा: सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेतो. कुटार फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात रात्रभर भिजवतो, सकाळी ओट्यावर पसरून रात्रभर निथळतो आणि दुसऱ्या दिवशी स्पॉन (अळिंबीचे बियाणे, म्हणजे जाळे वाढवलेले दाणे) घालून पिशव्यांत बेड भरतो. हिवाळ्यात सगळे ठीक चालते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र 100 पैकी 30-35 बेड आठव्या-दहाव्या दिवशी हिरवे पडतात. ही ट्रायकोडर्मा आहे म्हणतात. मग तीच बुरशी आम्ही हरभऱ्याच्या बियाण्याला मुद्दाम चोळतो, ती इथे वाईट कशी? आणि हिरव्या डागांवर काय फवारावे?

फवारायला काहीही आणू नका. हिरवा डाग दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून चार-पाच दिवस झालेले असतात. ट्रायकोडर्माचे धागे सुरुवातीला पांढरेच असतात, म्हणून ती धिंगरीच्या पांढऱ्या जाळ्यात लपून जाते. हिरवा रंग बीजाणूंचा. नखाएवढ्या डागावर ते लाखोंनी असतात आणि इतके हलके असतात की पंपाचा फवारा पडला की ते खोलीभर उडतात. एक बेड वाचवायला जाल आणि शेजारचे दहा घालवाल.

हरभऱ्याचा मुद्दा बरोबर पकडलात, कारण सगळे उत्तर त्यातच आहे. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालते, कायटिनेज आणि ग्लुकॅनेज ही विकरे सोडून त्याची भिंत विरघळवते आणि आतला माल खाते. हरभऱ्याचा मर रोग करणारी फ्युजेरियम ही बुरशी. तिच्या भिंतीत कायटिन आणि ग्लुकॅन असते. धिंगरी हीसुद्धा बुरशीच, तिच्याही भिंतीत तेच असते. ट्रायकोडर्माला आपले-परके कळत नाही. या गटाला नाव 1794 मध्ये पर्सून या कवकशास्त्रज्ञांनी दिले, आज त्यात शेकडो जाती मोजल्या जातात आणि धिंगरीच्या बेडवरच सापडणाऱ्या दोन जातींना तर प्ल्युरोटाय आणि प्ल्युरोटिकोला अशी धिंगरीवरूनच नावे पडली आहेत. बाजारात मिळणारी पाकिटे बहुधा विरिडी किंवा हरझियानम या जातींची असतात. नेमकी जात ओळखायचीच असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह आहे, तिथे ओळख करून मिळते. पण बेड वाचवण्यासाठी जातीचे नाव कळण्याची गरज नाही. गरज आहे ती एका साध्या काळजीची: जैविक ट्रायकोडर्माचे पाकीट, ते चोळलेले बियाणे, त्याचा फवारणी पंप आणि ते काम करताना घातलेले कपडे यांतले काहीही अळिंबीच्या खोलीजवळ येऊ देऊ नका. 1 टक्का भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला निदान 20 लाख जिवंत कण असावेत असा नियमच आहे. पाकीट फोडताना उडालेली चिमूटभर पूड पुरते.

आता मूळ गोष्ट. बेड म्हणजे दोन बुरशींची शर्यत, आणि सरळ शर्यतीत धिंगरी हरते. प्रयोगशाळेतल्या 9 सेंटिमीटरच्या बशीत ट्रायकोडर्मा 25 ते 28 अंशांवर तीन-चार दिवसांत कडेला पोचते, धिंगरीला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तरी धिंगरी जिंकते, कारण ती लाकडावरची बुरशी आहे. काडाला कडकपणा देणारे लिग्निन फोडायची लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज ही विकरे तिच्याकडे आहेत, ट्रायकोडर्माचे त्या बाबतीत फारसे चालत नाही. ट्रायकोडर्माला साखर, स्टार्च, मोकळे सेल्युलोज आणि आम्लधर्मी ओल लागते. म्हणजे आपले सगळे काम एवढेच: धिंगरीला पचेल आणि ट्रायकोडर्माला रुचणार नाही असे कुटार तयार करायचे, आणि धिंगरीला आधी पोचवायचे. पुढच्या प्रत्येक आकड्यामागे हेच कारण आहे.

आधी तुमचेच बेड नीट पाहा. हिरवे कुठून सुरू झाले यावरून चूक कोणत्या पायरीवर झाली ते बहुतेक वेळा कळते.

हिरवा ठिपका स्पॉनच्या दाण्यावर किंवा दाण्याभोवती असेल, आणि तोही तिसऱ्या-पाचव्या दिवशी, तर दोष स्पॉनचा. अशा वेळी एकाच पाकिटातून भरलेले सगळे बेड बिघडतात आणि दुसऱ्या पाकिटाचे चांगले निघतात. म्हणून बेडवर स्पॉनच्या पाकिटाचा क्रमांक लिहायची सवय लावा. हे दोन मिनिटांचे काम न केल्यामुळे लोक महिनोन् महिने कुटाराला दोष देत बसतात.

ठिपके दाण्यांपासून दूर, कुटाराच्या मधल्या थरांत, कुठेही विखुरलेले असतील तर कुटाराची प्रक्रिया कमी पडली. ते फक्त तळाशी असेल तर पाणी साचले. छिद्रांच्या किंवा बांधलेल्या तोंडाच्या भोवती गोल कडे असेल तर बुरशी बाहेरून, हवेतून किंवा माशांच्या पायांनी आली. बेड आधी पूर्ण पांढरा झाला आणि पहिल्या तोड्यानंतर देठांच्या उरलेल्या खुंटांवर हिरवे आले, तर ते थकलेल्या बेडचे लक्षण. खुंट खरवडून काढा, त्याची फार चिंता नको.

तुम्ही सांगितलेला आठवा-दहावा दिवस आणि पावसाळा हे पाहता तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात: जुने कुटार, रसायनावर जास्तीचा विश्वास, आणि निथळण्यासाठी रात्रभर उघडे ठेवणे. शेवटची सगळ्यात महागात पडते.

कुटारापासून सुरू करू. सोयाबीन निघते ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे जुलैत वापरता ते कुटार आठ-नऊ महिन्यांचे झाले. त्यात वळवाचा एखादा पाऊस किंवा गळक्या पत्र्याखालचे थेंब लागले असतील तर त्यावर आधीच बुरशी वाढून बसलेली असते. पिवळट, कडक, धूळ कमी आणि वास स्वच्छ असे कुटार घ्या. काळपट, मऊ पडलेले, हातात चुरा होणारे किंवा कुबट वासाचे असेल तर बाजूला काढा, ते खतात घाला. सोयाबीनच्या कुटारात गव्हाच्या काडापेक्षा नत्र जास्त असते, त्यामुळे उत्पादन चांगले येते. पण त्याच नत्रामुळे बेड जास्त तापतो आणि परक्या बुरशीही खूश होतात. शेंगांची टरफले आणि फुटके दाणे चाळून काढणे आवश्यक आहे, कारण एकेक दाणा म्हणजे ट्रायकोडर्मासाठी तयार जेवण. पावसाळ्यापुरते निम्मे गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा मिसळलात तर धोका उतरतो. तुकडे 3 ते 5 सेंटिमीटरचे हवेत. त्याहून बारीक केले तर बेड घट्ट बसतो आणि मधोमध हवा पोचत नाही. कोंडा, पेंड, बेसन असली भर पावसाळ्यात अजिबात घालू नका.

रसायनाबद्दल. सगळीकडे सांगितले जाणारे प्रमाण 100 लिटर पाण्याला 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिली फॉर्मेलिन, त्यात 10 किलो कोरडे कुटार, 16 ते 18 तास, वरून प्लॅस्टिकने झाकून. पद्धत चालते, म्हणूनच ती इतकी पसरली. पण ती कुठे तोकडी पडते ते माहीत हवे. कार्बेन्डाझिम बीजाणूंना मारत नाही, पेशींची विभागणी थांबवून वाढ रोखते. म्युकर, रायझोपस यांसारख्या बुरशींवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही आणि ट्रायकोडर्मात त्याला दाद न देणारे प्रकार तयार होतात. वर्षानुवर्षे त्याच शेडमध्ये तेच औषध वापरले की नेमके असे प्रकार मागे उरतात. बीजाणू मारण्याचे काम फॉर्मेलिनचे. त्याची बाटली जुनी झाली, थंडीत राहिली आणि तळाला पांढरा साका बसला की ताकद उतरलेली असते. झाकण नीट नसेल तर वायू उडून जातो. कुटाराचा वरचा थर पाण्यावर तरंगत राहिला तर त्याला औषध लागतच नाही, आणि तेच तरंगलेले कुटार पुढे बेडमध्ये विखुरलेले हिरवे ठिपके देते. शिवाय फॉर्मल्डिहाइड हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये ठरवले आहे. बंद खोलीत तो रोज हुंगायची गोष्ट नाही, आणि खाण्याच्या मालात बुरशीनाशक घालून तो रसायनमुक्त म्हणून विकणेही बरे नाही. माझा सल्ला सरळ आहे: गरम पाण्यावर या.

गरम पाण्याची पद्धत सोपी आहे, पण थर्मामीटरशिवाय करू नका. कुटार साध्या पाण्यात 6 ते 8 तास भिजवा, धूळ आणि विरघळणारी साखर घेऊन गेलेले ते तपकिरी पाणी पूर्ण ओतून टाका. हे पाणी पुन्हा वापरणे ही नेहमीची चूक. पावसाळ्यात 8 तासांच्या वर भिजत ठेवले की कुटार आंबते, सामू (pH) खाली येतो आणि आंबट कुटार ट्रायकोडर्माला आवडते. मग 200 लिटरच्या ड्रममध्ये 100 लिटर पाणी 80 अंशांना आणा आणि भिजलेले कुटार जाळीच्या पोत्यात भरून बुडवा. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. 10 किलो कोरडे कुटार भिजून 30 किलो होते, आणि खोलीच्या तापमानाचे ते 30 किलो 80 अंशांच्या 100 लिटर पाण्यात पडले की पाणी एकदम 70 च्या खाली येते. म्हणून जाळ चालू ठेवा, पोत्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसा, आणि तिथे 70 अंश दिसल्यापासून घड्याळ लावा: 60 मिनिटे. पोते दगड ठेवून पूर्ण बुडालेले असावे आणि गच्च दाबून भरलेले नसावे, नाहीतर मधला गाभा तापतच नाही.

मग उकळवूनच का टाकू नये, किंवा कुकरमध्ये पूर्ण निर्जंतुक का करू नये? कारण 70 अंशांवर ट्रायकोडर्मा मरते, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू वाचतात आणि ते कुटारावर पसरून परक्या बुरशींना जागा नाकारतात. पूर्ण निर्जंतुक कुटार म्हणजे नांगरून मोकळे सोडलेले रान, त्यात पहिले बी ज्याचे पडेल त्याचे पीक. प्रयोगशाळेतल्यासारखी स्वच्छ हवा असेल तरच निर्जंतुकीकरण परवडते. साध्या शेडमध्ये 70 अंशांचे हे पाश्चरीकरणच बरे.

सरपण परवडत नसेल तर चुन्याचे पाणी हा तिसरा मार्ग. विरवलेला चुना 1 लिटर पाण्याला 3 ते 4 ग्रॅम, कुटार 14 ते 18 तास पूर्ण बुडवून. पाण्याचा सामू 12 च्या वर गेला पाहिजे, सामू-पट्टीने तपासा. चुना जुना, हवा लागून ढेकळे झालेला असेल तर तो खडूच झालेला असतो आणि सामू चढतच नाही. डोलोमाइट चालत नाही. निथळल्यानंतर सामू हळूहळू उतरतो आणि 8-9 च्या आसपास धिंगरीला तो चालतो, ट्रायकोडर्माला चालत नाही. गरम पाणी वापरणाऱ्यांनीही पहिल्या भिजवणीत लिटरला 2 ग्रॅम चुना घातला तर तोटा नाही. हातमोजे मात्र घाला, चुना कातडी खातो.

निथळण्यापाशी तुमचे नुकसान होते आहे असे मी म्हटले. प्रक्रिया केलेले कुटार रात्रभर ओट्यावर उघडे ठेवले की पावसाळी हवेतले बीजाणू त्यावर बसतात आणि सकाळी तुम्ही स्पॉन घालेपर्यंत त्यांना निदान 10-12 तासांची आघाडी मिळालेली असते. कुटार स्वच्छ जाळीवर किंवा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसलेल्या प्लॅस्टिकवर, उताराच्या जागी पसरा आणि 3 ते 4 तासांत भरून संपवा. गोणपाटावर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर नको. पंखा लावायचा मोह होतो, तो टाळा, खोलीतली धूळ तो नेमकी कुटारावर आणतो. गरम कुटार 30 अंशांखाली आल्याशिवाय स्पॉन घालू नका, 40 अंशांवर दाणे भाजले जातात आणि मेलेला दाणा म्हणजे पुन्हा ट्रायकोडर्माचे जेवण.

ओल किती, याला मुठीची परीक्षा सगळे सांगतात: मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब जमावा, धार लागू नये. त्यापेक्षा वजन खात्रीचे. 10 किलो कोरडे कुटार निथळून 28 ते 32 किलो भरले पाहिजे. 35 च्या वर गेले तर ओल 74 टक्क्यांच्या आसपास पोचली, तळाशी पाणी साचणार. 25 च्या खाली असेल तर जाळे कोरड्यात अडखळते. पावसाळ्यात बाहेरची हवा पाणी ओढून घेत नाही, म्हणून मी 28-29 वरच थांबायला सांगेन. बेडच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना छोटी छिद्रे ठेवा.

स्पॉन ताजा हवा, जाळे पूर्ण पसरल्यापासून महिन्याच्या आतला. दाणे पांढरे, एकमेकांना धरलेले, पण हाताने सुटणारे. पाकिटात पिवळट पाणी साचले असेल, आंबट वास येत असेल तर तो जिवाणूंचा, फेकून द्या. हिरवा किंवा काळा एकही ठिपका असेल तर पूर्ण पाकीट बाद, तेवढाच भाग काढून बाकीचा वापरायची काटकसर करू नका. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पासारख्या ठिकाणी स्पॉन मिळतो. कुठूनही आणा, उकळून गार केलेल्या कुटारावर, स्वच्छ झाकणाच्या बरणीत, प्रत्येक पाकिटातले चमचाभर दाणे 5 दिवस आधी घालून बघा. बरणीत हिरवे दिसले तर तेवढ्यात कळते. गुलाबी धिंगरीचा स्पॉन फ्रिजमध्ये फार काळ ठेवू नका, थंडीने तो मरगळतो. पांढरी फ्लोरिडा आणि करडी साजोर-काजू 4 अंशांवर काही आठवडे टिकतात.

प्रमाण ओल्या कुटाराच्या 2 ते 3 टक्के. 3 किलोच्या बेडला 60 ते 90 ग्रॅम. पावसाळ्यात 100 ग्रॅम घाला. ही उधळपट्टी नाही. जितके दाणे जास्त, तितक्या जास्त जागांवरून धिंगरी एकाच वेळी निघते आणि दोन दाण्यांमधले अंतर लवकर भरते. 18 दिवसांत पांढरा होणारा बेड 13-14 दिवसांत पांढरा झाला तर ट्रायकोडर्माला संधीच उरत नाही. थर 5 ते 7 सेंटिमीटरचे, दाणे कडेकडेने जास्त आणि सगळ्यात वरच्या थरावर भरपूर. तोंडाशी उघडे कुटार राहू देऊ नका.

14 × 22 इंचाची पिशवी, 3 किलो भरलेली, हा आकार आपल्या हवामानाला योग्य. 5-6 किलोचे जाड बेड मधोमध तापतात. धिंगरी वाढताना स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे खोलीत 27 अंश असले तरी बेडच्या गाभ्यात 32-33 भरतात. तिथे धिंगरी मंदावते आणि ट्रायकोडर्मा जोरात येते. तिसऱ्या ते सातव्या दिवशी एक-दोन बेडच्या गाभ्यात थर्मामीटर घालून बघा. 30 च्या वर असेल तर बेड सुटे करा, दोन बेडमध्ये 10-15 सेंटिमीटर अंतर ठेवा, एकावर एक रचू नका. थर्मामीटर घातलेला बेड वेगळा ठेवा, त्यात बुरशी शिरण्याची वाट तुम्हीच केलेली असते.

बेड भरायची खोली आणि कुटार कापायची जागा यांत जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवा, आणि कापणी भरण्याच्या खोलीच्या वाऱ्याखाली. कोरड्या कुटाराच्या धुळीत बीजाणूंचा सगळ्यात मोठा साठा असतो. कापणाऱ्याने त्याच कपड्यांत बेड भरू नयेत. हात आणि पातेली स्पिरिटने पुसा आणि स्पिरिट सुकू द्या, ओल्या हाताने दाणे घेतले तर ते मरतात. फरशी भरण्याच्या आधी ओली करा म्हणजे धूळ बसते. खोली रिकामी असताना ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, भिंतींना चुना द्या. ब्लीचिंग आणि फॉर्मेलिन एकत्र कधीही करू नका.

माशा विसरू नका. पावसाळ्यात बारीक काळ्या माशा एका बेडवरून दुसऱ्यावर बीजाणू नेतात आणि त्यांच्या अळ्या जाळे खातात. खिडक्यांना इंचाला 35 ते 40 भोकांची जाळी आणि दाराशी दुहेरी पडदा लावा, पिवळे चिकट सापळे बेडच्या उंचीवर टांगा. दिवसाला किती माशा चिकटल्या ते मोजत गेलात तर बेड बिघडण्याआधीच सूचना मिळते.

सगळे हिरवे ट्रायकोडर्मा नसते आणि सगळे वाईट हिरवे नसते. निळसर-हिरवी, ठिपक्याठिपक्यांची, सावकाश पसरणारी पेनिसिलियम असू शकते, ती बहुधा फुटक्या दाण्यांवर येते. पिवळट-हिरवी पूड स्पॉनच्या दाण्यांवर दिसली तर ॲस्परजिलस समजा. तिच्या काही जाती अफलाटॉक्सिन हे विष तयार करतात, म्हणून असे दाणे कोंबड्यांना घालू नका. ट्रायकोडर्मा गर्द हिरवी, सपाट, कडा पांढऱ्या आणि पसरट, कधीकधी खोबऱ्यासारखा वास. शंका असेल तर पांढऱ्या अवस्थेतच ओळखायला शिका. धिंगरीचे जाळे दाट, दोरीसारखे, शुभ्र असते आणि दाण्यापासून बाहेर पसरते. ट्रायकोडर्माचे पांढरे विरळ, करडी झाक असलेले असते आणि त्याला मध्यबिंदू म्हणून दाणा नसतो. दोन्ही जिथे भिडतात तिथे पिवळट-तपकिरी रेघ उमटते आणि पिवळे थेंब दिसतात. ती रेघ हिरव्याच्या बाजूला सरकत असेल तर धिंगरी जिंकते आहे.

नारिंगी-गुलाबी पूड दिसली तर मात्र धावपळ करा. ती न्यूरोस्पोरा, जिच्यावरच्या 1941 च्या प्रयोगांमुळे बीडल आणि टॅटम या शास्त्रज्ञांना 1958 चे नोबेल मिळाले. एक जनुक एक विकर घडवतो हे त्यांनी याच बुरशीवर दाखवले. प्रयोगशाळेत ती लाडकी आहे कारण ती झपाट्याने वाढते, आणि शेडमध्ये त्याच कारणाने नकोशी. तिचे एका प्रकारचे बीजाणू 60 अंशांच्या उष्णतेने मरायच्या ऐवजी जागे होतात, म्हणून जळालेल्या उसावर ती उगवते आणि अर्धवट गरम केलेल्या कुटारावरही. तिला पाहिल्यावर बेड उघडू नका, ओल्या कापडाने गुंडाळून त्याच क्षणी बाहेर न्या. बारीक, काळी पडून शाईसारखी वितळणारी छत्री आली तर कुटारात अमोनिया आणि ओल जास्त आहे, तिने बेड मरत नाही, ती उपटून टाका, पण खाऊ नका. टोपीवर पिवळे-तपकिरी चिकट डाग पडले तर तो जिवाणूंचा रोग, टोप्यांवर पाणी तासन् तास राहिल्याचा परिणाम. त्यासाठी फॉगर कमी करा आणि हवा खेळती ठेवा, म्हणजे फवारल्यानंतर टोपी तासा-दोन तासांत सुकते.

हिरव्या पडलेल्या बेडचे काय करायचे? डाग रुपयाच्या नाण्याएवढा, बेड निम्म्याहून जास्त पांढरा, तर तो वेगळ्या थंड खोलीत न्या. 22-24 अंशांवर धिंगरी अनेकदा डागावरून चालून जाते आणि एक तोडा देते. डाग तळहाताएवढा झाला तर वाट पाहू नका. बेड पिशवीसह बाहेर न्या, पिशवी तशीच बांधलेली ठेवून गरम पाण्यात 80 अंशांवर तासभर बुडवा किंवा शेडपासून लांब, वाऱ्याखाली, फूट-दीड फूट खोल पुरा. उकिरड्यावर उघडा टाकलेला हिरवा बेड पुढच्या बॅचला बीजाणू पुरवत राहतो. तो गुरांनाही घालू नका. हे काम दिवसाच्या शेवटी करा, नंतर कपडे बदला. तोंडाला मास्क हवाच, आणि तो रोजच्या तोडणीलाही हवा. धिंगरीचे स्वतःचे बीजाणू वर्षानुवर्षे हुंगले तर काहींच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते, ताप आणि कोरडा खोकला येतो. टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच तोडा केला की बीजाणूही कमी उडतात आणि माल टिकतोही जास्त.

पुढच्या बॅचला सगळे एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. एकाच दिवशी, एकाच स्पॉनच्या पाकिटातून 12 बेड भरा. 4 तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे रसायन आणि रात्रभर निथळून. 4 रसायनानेच, पण 4 तासांत भरून संपवलेले. 4 गरम पाण्याने, तेही 4 तासांत. प्रत्येकी 3 किलो, 100 ग्रॅम स्पॉन, एकाच रॅकवर, तिन्ही गट आलटून पालटून ठेवलेले. दहाव्या दिवशी हिरवे मोजा आणि ते कुठून सुरू झाले ते लिहा. पहिला गट हिरवा आणि दुसरा स्वच्छ निघाला तर दोष ओट्यावरच्या रात्रीचा होता, रसायन पुरेसे होते. पहिले दोन्ही हिरवे आणि तिसरा स्वच्छ, तर रसायन तुमच्या शेडमधल्या बुरशीला पुरत नाही. तिन्ही सारखेच बिघडले तर कुटार, स्पॉन किंवा खोली यांत शोधा, आणि त्यासाठी पुढचे 4 बेड दुसऱ्या गावच्या नव्या गव्हाच्या काडावर भरून बघा.